अळंबीची जागा

तीन दिवस धरून बसलेला पाऊस सोमवारी पहाटे सुटला आणि तळ्यावर धुकं बसलं. पलीकडचा काठ दिसेना; लाकूडगिरणीची चिमणी तेवढी धुक्यातून वर निघालेली. ऑगस्ट संपत आला की टार्नविकला असंच असतं. उन्हाळ्याचे पाहुणे गाड्या भरून निघून जातात आणि गाव पुन्हा आमच्या हाती येतं. सहा वाजता मी शाळेच्या स्वयंपाकघराचं कुलूप काढायला गेले, तर लेते माझ्याआधीच पायरीवर बसलेली. दोघी आत गेलो. चारशे पोरांचे बटाटे व्हायचे होते. साल मशीन काढतं, पण बटाट्याचे डोळे हातानंच काढावे लागतात. लेतेनं पहिला बटाटा उचलला, सुरीचं टोक डोळ्यात घातलं आणि गर्रकन फिरवलं.

"आज सोमवार," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत भरतील."

"काय भरतील?"

"पिवळी."

पिवळी म्हणजे पिवळी अळंबी. पावसानंतर जंगलात शेवाळातून वर येते, आणि या गावाला तिच्यापुढं सोनंनाणं काही दिसत नाही. पण लेतेला मी चौदा वर्षं ओळखते. ताटात अळंबी आली तर ती काट्यानं कडेला सारते.

"तू कधीपासून अळंबी खायला लागलीस?"

"खायची कुणाला आहेत?" ती म्हणाली आणि दुसरा बटाटा घेतला.

तिचं पूर्ण नाव लेतेब्रहान. इरिट्रियातल्या केरेन गावची. ती इथं उतरली तेव्हा बोस्नियाहून आलेल्या मला, म्हणजे सेनादाला, या गावात सतरा वर्षं झाली होती. म्हणून कुणी नवा माणूस आला की त्याला माझ्याकडं धाडायचे. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, जोडे दारात काढायचे, बसमध्ये दुसरी जागा मोकळी असताना कुणाला चिकटून बसायचं नाही, दोनच्या कॉफीला दोनलाच जायचं, हे सगळं मी तिला शिकवलं. ती शिकली. एकच गोष्ट तिच्या जिभेला येईना. इथं मास्तर असो, डॉक्टर असो, नव्वदीचा म्हातारा असो, ज्याला त्याला नावानं हाक मारायची आणि तू म्हणायचं. म्हाताऱ्यांना घरी जाऊन सांभाळायच्या नगरपालिकेच्या घरसेवेत लागली तेव्हा पहिल्या सकाळी ती सिग्वार्दला "बाबा" म्हणाली. म्हातारा खेकसला, "म्या तुजा बाबा न्हाई. सिग्वार्द म्हन."

सिग्वार्द शहाऐंशीचा. आयुष्यभर जंगलखात्यात लाकडं मोजली, बायको वारल्यावर तळ्याकाठच्या तांबड्या घरात एकटाच राहिला. बोली अजून जंगलातलीच. लेते रविवार सोडून रोज साडेसातला जायची. गोळ्या द्यायची, अंघोळ घालायची, कॉफी उकळायची. हंगामी कागदावर चार वर्षं काढली तिनं. दर सहा महिन्यांनी कागद संपायचा, नवा यायचा. एक जूनपासून मात्र ती कायम होणार होती. ऑफिसातल्या बाईनं, इंगालीलनं, तसं तोंडभरून सांगितलं होतं.

आता सिग्वार्दच्या जागेची गोष्ट सांगायला हवी.

या गावात तुम्ही कुणाचाही पगार विचारा, ऑपरेशन विचारा, नवरा का सोडला ते विचारा. अळंबी कुठं मिळाली हे मात्र विचारायचं नाही. विचारलंच तर माणूस खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "जंगलात." ज्याची त्याची जागा ज्याच्या त्याच्या पोटात असते. सिग्वार्दची जागा सगळ्यांत भारी. दर साली तो दोन बादल्या भरून आणायचा आणि पन्नास वर्षांत कुणाला माग लागू दिला नव्हता. त्याची मुलगी मायलिस सात वर्षांची असताना तो तिला रस्त्यावर गाडीत बसवून एकटा आत जायचा. आता ती चोपन्नची झाली, तरी तिला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणायचा, "म्या मेल्यावर बग."

गेल्या साली त्याचे पाय अधू झाले. तेव्हा त्यानं काय करावं? लेतेला सांगितलं, "चल, तुजी कामाची गाडी काड." नियमात बसत नव्हतं, पण म्हाताऱ्याचं तोंड बघून तिनं काढली. फाटकापर्यंत गाडी, तिथून पुढं तिच्या खांद्यावर हात ठेवून. ती ओंडक्यावर बसली आणि हा गुडघ्यांवर सरकत तासभर वेचत होता.

"शपथ नाही घातली तुला?" मी तेव्हा विचारलं होतं. "कुणाला सांगू नको म्हणून?"

"नाही."

"अगं, पोटच्या पोरीला सांगत नाही तो!"

"म्हणाला, तुमच्याकडं असलं काय खात न्हाईत, तुला काय कळतंय." लेते हसली होती. "सेनादा, कुणी खुर्चीला शपथ घालतं का?"

तेव्हा तिला त्याचा राग नव्हता. राग मे महिन्यात आला.

मे महिन्यात, तळ्यावरचा बर्फ जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा सिग्वार्द पहाटे पाचला एकटाच डुबकी मारायला गेला. धक्क्याच्या फळीवर पाय सरकला आणि मनगट मोडलं. कसाबसा रांगत घरात आला. साडेसातला लेतेनं दार उघडलं तर हा ओलाचिंब, ओठ निळे, दारातल्या सतरंजीवर पडलेला. तिनं अंग पुसलं, पांघरुणात गुंडाळलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत हा तिचा हात धरून रडला. "मायलिसला तळ्याचं सांगू नगंस. ती मला म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकंल." लेतेनं सांगितलं नाही. कामाच्या वहीत एवढंच लिहिलं: जमिनीवर पडलेला सापडला.

हॉस्पिटलात मायलिसनं बापाला विचारलं, कसा पडलास? आणि म्हातारा म्हणाला, "तिनं अंघूळ घालताना सोडलं."

इंगालीलनं लेतेला बोलावलं. कॉफी होती, दालचिनीचा पाव होता, टेबलावर कागदी रुमालांची पेटी काढून ठेवलेली होती. आवाज कुणीच चढवला नाही. इथं माणसाचा गळा कापतात तोसुद्धा हळू आवाजात, मध्येमध्ये "अजून कॉफी?" विचारत. लेते म्हणाली, तो तळ्यावर गेला होता. इंगालील म्हणाली, मग वहीत का नाही लिहिलंस? कुणी तुला दोष देत नाहीये, लेते. पण कागद पुढं वाढवता येणार नाही.

गावभर झालं. दुकानात बायका तिला बघून हसायच्या, पूर्वीपेक्षा जास्त गोड. ते हसणं मला ठाऊक आहे. ज्या हाताखाली म्हातारा पडला त्या हाताला आता कुणी आपली आई देणार नव्हतं. मी मुख्याध्यापिकेच्या पाया पडले तेव्हा तिला भांडी घासायचं काम मिळालं.

जूनमध्ये ती सिग्वार्दकडं गेली. पडदा हलला, दार उघडलं नाही. जुलैत तिनं पत्र लिहिलं. मीच तपासून दिलं. उत्तर नाही. त्यानंतर तिनं त्याचं नाव घेणंच सोडलं, आणि मला भीती वाटली ती तेव्हापासून.

"तुला पाहिजे तरी काय?" बटाटे संपता संपता मी त्या सोमवारी विचारलं.

"त्यानं बोलावं. स्वतःच्या तोंडानं. मी सोडलं नव्हतं, एवढंच."

"आणि नाही बोलला तर?"

"तर त्याचंही काही जावं. जसं माझं गेलं."

शनिवारी माझ्या गाडीतून गेलो. तुटक्या फळीचं फाटक, तिथून लाकडं ओढायची वाट, मधोमध दुभंगलेला धोंडा, आडवा पडलेला सूचीपर्णी वृक्ष, आणि त्याच्या मागं एक उथळ खळगा. जुन्या काळी तिथं कोळशाची भट्टी होती. माती अजून काळीकुट्ट, आणि त्या काळ्यावर पिवळी जर्द अळंबी, पाय ठेवायला जागा नाही. मी तोंडावर हात ठेवला. लेतेनं बादली टेकवली आणि मुळापासून उपटायला लागली, काळ्या मातीसकट.

"अगं, बारकी सोड," मी म्हणाले. "सगळेच बारकी सोडतात."

"मला कुणी सोडलं?"

तीन बादल्या झाल्या. मागं फक्त काळी माती उरली.

रविवारी सकाळी दहाला ती सिग्वार्दच्या कुंपणाबाहेर गेली. तिथून तळ्याकाठची पायवाट जाते, ती सगळ्या गावाची. नगरपालिकेचा बाक आहे. तिनं बाकावर छोटा गॅस ठेवला, तव्यात लोण्याचा अर्धा गोळा टाकला, अळंबी टाकली. वारं घराकडं होतं. मी बादल्या धरून उभी. पाच मिनिटांत दार उघडलं आणि म्हातारा आपली बैठकवाली चार चाकांची काठी ढकलत आला.

"आज रयवार हाय, लेते. रयवारी येत न्हाईस तू."

"मी कामाला नाही आले. कामावरून तू मला काढलंस."

"म्या न्हाई. ऑफिसनं काडलं."

"बरं."

तो वाकून बादलीत बघू लागला. एक अळंबी उचलली, उलटी केली, देठाची काळी माती अंगठ्यानं चोळली. मग ते बोट नाकाशी नेलं. त्याचा चेहरा असा उतरला की मी नजर फिरवली.

"ही कुटनं आनलीस?"

एवढ्या वर्षांत गावातल्या जुन्या माणसाच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

"असं विचारत नसतात इथं, सिग्वार्द," लेते म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे."

"बारकी बी उचललीस?"

"सगळी."

"बारकी ठिवत्यात गं. कोन बी ठिवतं. चोर बी ठिवतो." तो आपल्या काठीच्या बैठकीवर बसला. "काय पायजे तुला?"

लेतेनं पिशवीतून कॅलेंडरचं एक पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं नकाशा काढला होता. फाटक, धोंडा, पडलेलं झाड, खळगा, सगळं. हात चांगला आहे तिचा. वर ठळक अक्षरात: सिग्वार्दची जागा.

"शनिवारी बारा वाजता हा दुकानाबाहेरच्या बोर्डावर लागेल. त्याच्या आत तू मायलिसला आणि इंगालीलला खरं सांगायचं. चिठ्ठी नको. तोंडानं. सांगितलंस तर बोर्डावर लावणार नाही."

"मला हितनं काडतील."

"हो."

"टेकडीवरच्या आश्रमात ठिवतील. तितनं तळं बी दिसत न्हाई."

"माहीत आहे. खिडक्या पार्किंगवर उघडतात. मी काम केलंय तिथं."

"दोन साल, लेते. दोनच ऱ्हायलीत माजी, फार तर तीन. मग काय सांगायचं ते सांग समद्या गावाला."

"माझी वीस राहिलीत. तेवढी वर्षं मी पातेली घासू?"

तो हळूच, सौदा करावा तसा म्हणाला, "निम्मी घे. दर सालाला निम्मी. पोरीला दिली न्हाई, तुला देतो."

"मला अळंबी आवडत नाही, सिग्वार्द. ओला स्पंज चावल्यासारखं वाटतं."

असं म्हणून तिनं तवा उचलला, चार पावलं गेली आणि पाण्यावर पालथा केला. लोण्याचा तवंग पसरला. खालून मासे वर येऊन तोंडं मारायला लागले. म्हातारा बघत राहिला. बादल्या आम्ही उचलून आणल्या. एक अळंबीसुद्धा तिनं मागं ठेवली नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. लेते पातेली घासत राहिली. गुरुवारी मी म्हणाले, "म्हातारा आहे. झोपेत मरून गेला तर?"

"तर खोटं बोलून मेला असं होईल. आणि मी त्याला सोडणारी, हे कायमचं."

शुक्रवारी दुपारी तिचा फोन वाजला. इंगालील होती. आवाजात मध. सिग्वार्द मुलीला घेऊन स्वतः आला होता म्हणे, चाकाची काठी मुलीच्या हाती देऊन दोन जिने चढून, लिफ्ट असताना. आणि खुर्चीवर न बसता बोलला. पहाटे तळ्यावर गेलो, घसरलो, पोरीच्या भीतीनं लेतेचं नाव घेतलं. गैरसमज झाला याचं ऑफिसला फार वाईट वाटतं. कायमचा कागद तयार आहे, पंधरा सप्टेंबरपासून.

"गैरसमज नाही," लेते फोनवर म्हणाली. "खोटं. ते लिहून दे, इंगालील. सगळ्या कामवाल्यांना वाचून दाखव." मग थोडा वेळ ऐकत राहिली. "हो. वाट बघते."

सोमवारी इंगालीलनं ते वाचून दाखवलं. मला वाटलं, संपलं.

सिग्वार्दला त्याच आठवड्यात आश्रमात तात्पुरती खोली मिळाली. तिथल्या तात्पुरत्या खोलीतून कुणी घरी परतत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि शनिवारी मायलिस लेतेच्या घरी आली, हातात फुलं आणि दुकानातला केक. मी होतेच. लेतेनं तिच्यासमोर कॉफीचे दाणे भाजले, मातीच्या सुरईत कॉफी केली, केरेनच्या रीतीनं तीनदा ओतली. मायलिस बडबडी, शाळेच्या मुलांसारखी पोटात काही ठेवता न येणारी. पहिल्या कपाला माफी मागून झाली, दुसऱ्याला रडून.

"माझ्यावर त्याचा कधीच भरवसा नव्हता गं," ती नाक पुसत म्हणाली. "डुबकीचं सांगितलं असतं तर मी काय त्याला खाल्लं असतं? ती अळंबीची जागासुद्धा सांगत नाही. म्हणतो, तू अख्ख्या तालुक्याला घेऊन जाशील. आणि जाईनच! एकट्यानं खाण्यात काय मजा? माझी अकरा जणींची गाण्याची मंडळी आहे, त्या कधीच्या मागं लागल्यात."

लेतेनं कप खाली ठेवला. उठली, खण उघडला आणि घडी घातलेला कॅलेंडरचा कागद मायलिसच्या हातात दिला.

मायलिसनं उघडला. आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तिनं लेतेला मिठी मारली. "किती चांगली आहेस तू!" म्हणाली. लेतेचा चेहरा तिच्या खांद्यावरून माझ्याकडं होता. त्या चेहऱ्यावर चांगुलपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

ती गेल्यावर मी लेतेला म्हणाले, "त्यानं त्याचा शब्द पाळला. तू मोडलास."

"बोर्डावर लावणार नाही म्हणाले होते. नाही लावला."

"लेते."

"तळ्याचं सांगू नको म्हणाला, मी नाही सांगितलं. तो शब्द मी पाळला होता, सेनादा. त्याचं काय मिळालं?"

कप विसळून मी घरी गेले.

अळंबी उपटली म्हणून मरत नाही. पुन्हा पाऊस झाला आणि पुन्हा आली. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी मायलिस आपल्या अकरा बायकांना घेऊन गेली, आणि बापाला बरं वाटेल म्हणून त्यालाही नेलं. पांघरूण गुंडाळून चाकाच्या खुर्चीत बसवला आणि चौघींनी खुर्ची उचलून थेट खळग्याच्या काठावर ठेवली. त्यांतली एक आमच्या शाळेत शिकवते, तिनंच मला सगळं सांगितलं. बायका गात होत्या, शेवाळ तुडवत होत्या, एकमेकींचे फोटो काढत होत्या. एकीनं तर जागा चुकू नये म्हणून झाडाला लाल फीत बांधली. मायलिस दर थोड्या वेळानं ओरडून सांगायची, "बघ पपा, किती मजा येतेय!"

संध्याकाळी आमच्या इमारतीच्या तळघरातल्या धोबीखोलीत लेतेची कपडे धुवायची पाळी होती. मी खाली गेले. ती घरसेवेचे निळे सदरे यंत्रातून काढत होती. पाचही नवे, खिशावर तिचं नाव शिवलेलं. कामावर लागून आठवडा झाला होता. मी तिला सगळं सांगितलं, लाल फितीपर्यंत.

ती ऐकत होती. हात थांबले नाहीत.

"तो काही बोलला?"

"नाही. दोन तास नुसता बसून होता. एकीनं मूठभर बारकी उपटून त्याच्या मांडीवर ठेवली, तेव्हा फक्त डोळे मिटले म्हणे."

"रडला?"

"ते नाही विचारलं मी."

"विचार," लेते म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं टोपलीतली मोठी चादर ओढून काढली आणि दोन टोकं माझ्याकडं फेकली. आम्ही ती ताणली, झटकली, दुमडली, जवळ आलो, पुन्हा लांब गेलो. मग ती यंत्रापाशी गुडघ्यांवर बसली, आतली जाळी ओढून काढली आणि तिच्यावर साचलेला कपड्यांचा पिंजलेला कचरा बोटांनी खरवडायला लागली. सातला दुसऱ्या कुणाचीतरी पाळी होती.